ज्यूडास भेंडे

१९७१ मध्ये मार्क बोलन गालांवर चमकी लावून बीबीसीच्या पडद्यावर आला आणि इंग्लंडातल्या आईबापांच्या पोटात गोळा उठला. ग्लॅम रॉक म्हणतात ते हे. रत्नागिरीकराला त्याचं काय अप्रूप? नमनात बाप्या माणूस रंग फासून, लुगडं नेसून राधा होतो आणि गावचे मानकरी पुढे बसून दाद देतात.

अप्रूप वाटावं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्याच दशकात मुंबईत एक मराठी मुलगा इंग्रजीत रॉक गात होता. नंदू भेंडे. 'झोपी गेलेला जागा झाला' बसवणाऱ्या आत्माराम भेंडे यांचा आणि डॉ. आशा भेंडे यांचा मुलगा. वेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर ही त्याच्या बँडची नावं. १९७४ साली अ‍ॅलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो ज्यूडास झाला. येशू होता 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' बँडचा गायक. चार वर्षांनी पु.लं.नी ब्रेख्तच्या नाटकाचा 'तीन पैशाचा तमाशा' केला, जब्बार पटेलांनी तो थिएटर अकादमीतर्फे बसवला आणि अस्सल तमाशाच्या बाजाशेजारी नंदूचा रॉक येऊन बसला. ही हिंमत आज कोण करील?

बँड लवकर मोडतात, याचं दुःख नाही. विशीतली पोरं जमतात, वर्ष-दोन वर्षं वाजवतात. मग एकाला बँकेत नोकरी लागते, ड्रमवाला परदेशी जातो. इंग्लंडातही हेच. पण तिथे चार गाणी करून फुटलेल्या बँडच्याही फिती कुणीतरी जपतं, पुढे बाजारात आणतं. आमच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचं संगीत २०११ मध्ये पुन्हा काढलं, तेही लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' कंपनीने! नंदू २०१४ मध्ये गेला. आज त्याचं नाव घेतलं, तर 'आत्माराम भेंड्यांचा मुलगा ना?' इथपर्यंत गाडी येते आणि थांबते.

रत्नागिरीत आर्ट सर्कल पुलोत्सव भरवतं. थिबा राजवाड्याच्या आवारातला त्यांचा संगीत महोत्सवही जाणकारांच्या गर्दीत रंगतो. तेव्हा सुचवावंसं वाटतं: पुलोत्सवाची एक संध्याकाळ 'तीन पैशाचा तमाशा'च्या संगीताला द्यावी आणि त्याआधी अर्धा तास इथल्याच एखाद्या कॉलेजच्या बँडला. पोरं बेसूर झाली तरी चालेल, पुढल्या वर्षी बँड नसला तरी चालेल. ध्वनिमुद्रण मात्र नीट करावं, मोबाइलवर नको.