शिडी आहे, पण शेजारच्या खात्यात

निकाल लागले की करिअर मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. या आठवड्यात अशाच एका मेळाव्यात ‘सार्वजनिक आरोग्यात करिअर’ असा झकपक तक्ता पाहिला. सगळ्यात खालची पायरी कोणती? एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करून ‘प्रोग्रॅम असोसिएट’. आशाताई तक्त्यावर कुठेच नाहीत, आरोग्यसेविकाही नाही. मी आता काय बोलणार हे या सदराच्या वाचकांना पाठ असेल, तरी बोलतो.

गावातलं लसीकरणाचं सत्र आठवा. अंगणवाडीत सेविका वजनकाटा मांडते, आशा घरोघर फिरून लेकुरवाळ्यांना घेऊन येते. दोघी मानधनावर, दोघी गावातल्याच, कधीकधी तर सख्ख्या जावा. पण सेविकेच्या, म्हणजे महिला-बालविकास खात्यानं २०२२ मध्ये, अंगणवाड्यांच्या पोषण २.० योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत, लिहून टाकलं: पात्रता असेल तर मुख्यसेविकांची निम्मी पदं पाच वर्षं काम केलेल्या सेविकांतून भरा, आणि सेविकांची निम्मी मदतनिसांतून. म्हणजे खिचडी शिजवणारी बाई कागदावर तरी पर्यवेक्षिकेच्या खुर्चीपर्यंत पोचते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्कही मान्य केला.

आणि त्याच वर्षी आशांना काय मिळालं? जागतिक आरोग्य संघटनेचा पुरस्कार! शाल-श्रीफळाचा आपला आजार जिनिव्हालाही लागला म्हणायचा. बाई जास्तच काम करायला लागली की तिला नारळ द्यायचा, जागा द्यायची नाही. सत्कारांवर होणाऱ्या खर्चात दोन-चार पदं सहज निघतील, असा माझा जुना संशय आहे.

आशा योजना २००५ची. बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी, त्याचे २५० रुपये. क्षयरोग्याच्या गोळ्या, सर्वेक्षणं, कोविडची दारोदारी वेगळीच. एवढं करून वर काय? पदवी असेल तर गटप्रवर्तक. तीही मानधनावरच, वीसेक आशांचं काम बघत गावोगाव हिंडणारी. तिच्या वर पायरी नाही, थेट छत.

आरोग्यसेविका व्हायचं तर एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. कामावर आधारित मोबदला असलेल्या बाईनं दोन वर्षं काम सोडायचं, मग चूल कशावर पेटवायची? उलट बीएएमएस झालेल्याला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम शिकवून उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बसवता येतं. ते आपण २०१८ नंतर धडाक्यात केलं. तिथे सरकारला घाई होती, पैसाही सापडला. आशेला मानधन चालू ठेवून शिकवायचं म्हटलं, की ती ‘स्वयंसेविका’ असल्याचं वित्त विभागाला नेमकं आठवेल.