योसेफ, युसुफ आणि आपण

'युसुफ म्हणजे देखणा' असे सर्रास सांगितले जाते. आम्हांस हे मान्य नाही. देखणेपण हा कथानायकाचा गुण; तो नावाचा अर्थ नव्हे. मूळ हिब्रू 'योसेफ' म्हणजे 'तो आणखी देवो'. दीर्घकाळ अपत्यहीन राहिलेल्या राहेलने पहिल्या पुत्राच्या जन्माबरोबरच दुसऱ्याची याचना या नावात गुंफली, असे बायबलच्या 'उत्पत्ती'त (३०:२४) आहे. १६व्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्याच्या आश्रयाने अहमद गुजराती या कवीने दखनीत 'युसुफ-जुलेखा' रचले, ते याच योसेफाचे. बायबलात निनावी राहिलेली स्त्री तिथे जुलेखा होऊन नायिकापदी बसली. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपण मराठी वाचक दखनीला परकी समजून हे काव्य उघडत नाही. नाव 'आणखी' मागते. आपण मात्र आपला वारसा वजा करीत बसलो आहोत.