शेक घेण्यापूर्वी पोटाची तयारी

आज जरा लाज बाजूला ठेवून बोलू या. गर्भाशयाच्या तोंडाचा, गुदाशयाचा किंवा पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर निघाला की अनेकांना ओटीपोटावर किरणांचा उपचार घ्यावा लागतो. आपल्याकडे त्याला कोणी ‘शेक’ म्हणतं, कोणी ‘लाईट’. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडची माणसं त्यासाठी परळच्या टाटा रुग्णालयात जातात, नाहीतर त्याच संस्थेच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात. हे खारघर आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. अशा ठिकाणी मशीनवर घेण्याआधी विचारतात, “शौचाला साफ झालं का?” आणि आमची मावशी पदर तोंडाला लावून होकाराची मान हलवते. खरं तर दोन दिवस झालेलं नसतं. परक्या पुरुषासमोर तसलं काय बोलायचं, असं तिला वाटतं. पण या प्रश्नाचं खरं उत्तर हा उपचाराचाच भाग आहे.

ओटीपोटात जागा थोडी आणि दाटी फार. पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय, मागे गुदाशय. पुरुषांत मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट. मागच्या गुदाशयात मळ किंवा वायू भरला की तो फुगतो आणि मधला अवयव पुढे ढकलला जातो. उलट, पुढचं मूत्राशय लघवीनं भरलेलं असलं की लहान आतडं वर सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बरंचसं बाजूला होतं. म्हणून बहुतेक ठिकाणी सांगतात की मागची पिशवी रिकामी असू द्या आणि पुढची भरलेली.

उपचार सुरू होण्याआधी एक सीटी स्कॅन काढतात. तो रोग शोधण्यासाठी नसतो, तर किरण कुठं सोडायचे त्याचा नकाशा आखण्यासाठी असतो. अंगावर खुणा करतात त्याही तेव्हाच. त्या एका दिवसाच्या नकाशावर पुढे साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरण दिले जातात. मोजणीच्या दिवशी बांध एकीकडे आणि नांगरताना दुसरीकडे, असं झालं तर काय होईल ते शेतकऱ्याला सांगायला नको. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटच्या 127 रुग्णांचे नकाशे तपासून 2005 साली लिहिलं, की नकाशाच्या दिवशी ज्यांचं गुदाशय फुगलेलं होतं त्यांच्यात आजार पुन्हा डोकं वर काढण्याचं प्रमाण जास्त होतं.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. टाटा संस्थेत 2011 ते 2019 या काळात, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या 300 बायकांवर किरण देण्याच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. जुन्या पद्धतीत तीन वर्षांत शंभरातल्या सुमारे 42 जणींना आतड्याचा बऱ्यापैकी त्रास राहिला. चित्र पाहून नेमके किरण देण्याच्या नव्या पद्धतीत तो आकडा 21 वर आला. रोग मात्र दोन्हींत सारखाच आटोक्यात राहिला. पण नेम जितका बारीक, तितकं आतला अवयव हललेला चालत नाही. मशीन कितीही भारी असलं तरी कोठा आपला आपणच सांभाळायचा असतो.

तयारी घरूनच, तीन-चार दिवस आधी सुरू करावी. आता आपल्या किनाऱ्याची अडचण अशी, की हिवाळ्यात भातामागून वाल येतात. शेतात पोपटी लागते, घरात बिरडं शिजतं. वाल, पावटा, चवळी, हरभरा, कोबी, मुळा यांनी पोटात वायू धरतो. तेवढे दिवस ते टाळा. सोड्याची बाटलीही नको. मऊ भात, पेज, तांदळाची भाकरी, मुगाची पातळ आमटी, दुधी, साधं माशाचं कालवण चालतं. दिवसभर पाणी भरपूर प्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

मशेरीचं काय, असं बायका हळूच विचारतात. ती लावल्याशिवाय कोठा मोकळा होत नाही, अशी अनेकींची खात्री असते. ती तंबाखूच आहे, आणि शेक चालू असताना तर नकोच. पहाटे कोमट पाणी प्यावं, थोडं चालावं आणि रोज ठरल्या वेळी बसावं. दोन-चार दिवस जड जातं, मग सवय लागते.

बद्धकोष्ठाला पुष्कळदा गोळ्याही कारण असतात. रक्तवाढीसाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी मळ घट्ट आणि काळा होतो, दुखण्यावरच्या कडक औषधांनीही कोठा आखडतो. त्या आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते जोडीला मळ मऊ करणारं औषध देतात. पण आजीच्या सांगण्यावरून एरंडेल घेऊ नका, साबणाच्या पाण्याचा एनिमाही घरी नको. जुलाबानं आतडं खवळतं, वायू वाढतो आणि नकाशाच्या दिवशीचं पोट हे तुमचं रोजचं पोट राहत नाही. इसबगोलसुद्धा विचारूनच घ्या, काहींना त्यानं पोट फुगतं.

प्रवासाचंही गणित आहे. अलिबागहून एसटीनं निघायचं, वडखळला गाडी अडकणार, पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद. घरूनच पाणी पिऊन मूत्राशय भरून निघाल्यास वाटेत हाल होतात. पोहोचल्यावर आधी शौच-लघवी उरकून घ्या, मग तिथं सांगतील तेवढं पाणी सांगतील त्या वेळी प्या. किती पाणी आणि किती वेळ थांबायचं, हे प्रत्येक रुग्णालयाचं वेगळं असतं. शेजारणीला सांगितलेलं तुम्हाला लागू होईलच असं नाही. मुंबईत गर्दीच्या मुक्कामी राहत असाल तर सकाळची रांग लागण्याआधी उठा. आणि झालं नसेल तर टेबलावर चढण्याआधी सांगा. थोडं थांबवतील, गरज पडली तर औषध देतील, पुन्हा चित्र काढतील. यात रागावण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलटी गंमत होते. बद्धकोष्ठ जातं आणि पातळ होऊ लागतं. तेव्हा मळ मऊ करणारं औषध चालूच ठेवायचं का, ते त्याच दिवशी विचारा. मीठ घातलेली पेज आणि ओआरएसचं पाणी घ्या, दूध कमी करा. ताक बहुतेकांना सोसतं.

रोग तपासण्याच्या चाचण्यांचे नियम निराळे असतात, ते यात मिसळू नका. पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते, आतून होणाऱ्या सोनोग्राफीला रिकामी. एमआरआयला किंवा शिरेतून औषध देऊन काढायच्या स्कॅनला काही तास उपाशी ठेवतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा.

उपचार संपल्यावर पोट बहुधा काही आठवड्यांत ताळ्यावर येतं. पण सहा महिन्यांनी, वर्षानं शौचावाटे रक्त दिसलं, तर मूळव्याध समजून गावठी औषध करू नका. कागदपत्रं घेऊन जिथं शेक घेतला तिथंच जा आणि आधी ओटीपोटावर किरण घेतलेत हे सांगा. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर त्यांनाही.