गाडी गेली, गाडी चालवणं राहिलं

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत ओळखी करून घेताना एका तरुण कार्यकर्तीनं वेगळाच प्रश्न काढला. नाव, गाव, काम हे नेहमीचंच. ती म्हणाली, "अठराव्या वर्षी तुम्हाला कशाचं वेड होतं ते सांगा, आणि त्या वेडाचं आज काय झालंय तेही सांगा."

एकजण कबड्डी खेळायची, जिल्ह्याच्या संघापर्यंत गेली होती. एकीला पेटी वाजवायचा नाद होता. एकजण पंचगंगेत पोहायची, भरल्या नदीतसुद्धा. उत्तराचा दुसरा भाग मात्र सगळ्यांचा एकच होता, "मग लग्न झालं." कुणी "मग मुलं झाली" म्हणालं, एवढाच काय तो फरक. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मोटारगाड्या. जोरात पळणाऱ्या, ताकदीच्या इंजिनाच्या गाड्या." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याचा राग आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या हसण्याचा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, छोटं गॅरेज होतं. शाळा सुटली की दप्तरासकट मी तिथेच. फियाटच्या बॉनेटखाली डोकं घालून मी मोठी झाले म्हणा ना. बारावीत असताना टॅपेट सेट करता यायचे, कार्बोरेटर उघडून साफ करून पुन्हा बसवता यायचा. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला तरी प्लग मार खातोय हे ओळखायचं. अण्णांना त्याचं कौतुक होतं. गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम मला हाक मारून ते म्हणायचे, "हिला विचारा." पुढे गॅरेज भावाकडे गेलं. त्याला इंजिनातलं माझ्या निम्मंही कळत नव्हतं. पण यात काही अन्याय आहे असं अण्णांना वाटलं नाही, भावाला वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं नाही.

नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. तरी वेड होतंच. २००१ साली फियाटची पॅलिओ बाजारात आली. तिचं १.६ लिटर इंजिनाचं एक मॉडेल होतं, साधारण १०० अश्वशक्तीचं. आपल्याकडे घरोघरी होती ती मारुती ८००, तिची ताकद ४० च्या आसपास. यावरून अंदाज यावा. २००३ मध्ये माझ्या पगारातून साठवलेल्या पैशांनी मी ती पॅलिओ सेकंडहँड घेतली. दर रविवारी पहाटे गगनबावड्याकडे जायची. वळणाआधी गिअर उतरवायचा, वळणातून बाहेर पडताना इंजिन असं काही उचलायचं की हसू यायचं. कुणाला दाखवायला जात नव्हते मी. रस्त्यावर त्या वेळी असायचे फक्त दूधवाले. त्या दीड तासात माझ्याकडून कुणाला काहीही नको असायचं, हेच त्यातलं खरं सुख होतं.

२००७ मध्ये मी ती गाडी विकली. धाकटा वर्षाचा झाला होता, सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. मोठ्या इंजिनाला पेट्रोल जास्त लागणारच, आणि घरात औषधांचा खर्च वाढलेला. विक म्हणून कुणी सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "तुझी गाडी, तू ठरव." मी ठरवलं. शेजारणीला म्हणाले, "आता काय, पोरवय संपलं." तिनं मान डोलावली. समजूतदारपणाचं ते प्रशस्तिपत्र मी कितीतरी वर्षं मिरवलं.

पण मैत्रिणींनो, गाडी गेली तरी गाडी चालवणं काही गेलं नाही. उलट वाढलं. त्या जागी एक साधी, कमी पेट्रोल खाणारी गाडी आली आणि मी घराची ड्रायव्हर झाले. सासूबाईंना फिजिओथेरपीला न्यायचं, मुलीला क्लासला सोडायचं, मुलाला तापात डॉक्टरकडे, नणंदेला स्टँडवरून आणायचं, लग्नसराईत पाहुण्यांना कार्यालयात पोचवायचं. प्रत्येक वेळी एकच वाक्य, "तुला चालवता येतं ना!" जे मी हौसेनं शिकले होते ते आता माझं कर्तव्य होतं. त्यातला आनंद काढून घेतला आणि राबणं तेवढं ठेवलं. स्वयंपाकाची आवड असणाऱ्या मुलीचं जे होतं, छान चित्रं काढणाऱ्या मुलीला जन्मभर हळदीकुंकवाच्या रांगोळ्या काढाव्या लागतात, तेच हे. बाईच्या अंगातलं कसब घराला चालतं. तिची हौस मात्र चालत नाही.

आता दुसरी बाजू. माझ्या नवऱ्याकडे कॉलेजच्या दिवसांतली येझदी आहे. ती बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आमची येझदी पुढे कितीतरी वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत होती. जबाबदाऱ्या त्यालाही होत्याच, ते मी नाकारत नाही. पण ती विकायचा विषय आमच्या घरात एकदाही निघाला नाही. जिन्याखालची जागा अडते म्हणून सायकली बाहेर पावसात राहिल्या, तरी नाही. २०१९ मध्ये त्यानं ती पुन्हा उभी केली. सुटे भाग शोधत गावोगाव हिंडला. आता महिन्यातून एकदा मित्रांबरोबर जातो. सगळे म्हणतात, "वा! हौस टिकवलीत हो तुम्ही." माझ्याबद्दल लोक म्हणतात, "संसार टिकवलात."

वय वाढलं, अंगावर जबाबदारी आली की वेगाचं वेड निवळतं हे खरंच आहे, आणि ते निवळावंही. पंचविशीत घाटात जशी गाडी मारली तशी आज मारू नये, आणि तेव्हाही मारायला नको होती. पण निवळणं वेगळं आणि संपवून टाकणं वेगळं. पुरुषाचं वेड जबाबदारीच्या काळात ताडपत्रीखाली जातं, बाईचं भंगारात जातं. हा फरक स्वभावाचा नाही, वेळेचा आणि मालकीचा आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं आढळलं. पुरुषांची जातात ९७ मिनिटं. तीही जे पुरुष असं काम करतात त्यांची, आणि असे पुरुष शंभरात जेमतेम २६ आहेत. ताडपत्री काढून इंजिन उघडायला बसायचं तर रविवार लागतो. तो रविवार कुणाच्या वाट्याचा, हे या आकड्यांत लिहिलेलं आहे.

२००२ साली सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. पुढच्या वर्षी तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला, शेवटी ते शुल्क कंपनीनं भरलं. तेव्हा तो दोन लहान मुलांचा बाप होता. पण दोन मुलांच्या बापाला असली गाडी शोभते का, हा प्रश्न त्या सगळ्या वादात कुणाच्या मनातही आला नाही. यायचं कारणही नव्हतं. मला मात्र पॅलिओच्या काळात हा प्रश्न भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारला होता.

आणि गंमत बघा. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला तो एका आईनं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बर्टा बेन्झनं नवऱ्यानं बनवलेली मोटार त्याला न सांगता बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, सुमारे शंभर किलोमीटर. वय ३९. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. इंधन एका औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. मुलं सांभाळणं आणि यंत्राचं वेड एका बाईत एकत्र नांदू शकतं, याचा यापेक्षा जुना पुरावा मोटारीच्या इतिहासात नाही.

कुणी म्हणेल, हे पोट भरलेल्यांचे प्रश्न आहेत. वस्तीतल्या बाईला पाणी नाही, रेशन नाही, आणि ही गाड्यांचं काय घेऊन बसली? मी स्वतःलाही हेच बजावत आले. पण त्या बैठकीत कबड्डीचं सांगणारी बाई धुणीभांडी करते. तिच्या नवऱ्याचं मंडळ अजून आहे, त्याच्या टी-शर्टवर मंडळाचं नाव आहे, आणि तो टी-शर्ट ती धुते. रेशनसाठी आपण मोर्चा काढतोच, काढलाच पाहिजे. पण बाईला भाकरीखेरीज काही लागतच नाही, असं आपणही गृहीत धरायला लागलो तर आपल्यात आणि तिच्या सासरच्यांत फरक काय राहिला?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी स्वतःच घेते. वेगाच्या गाड्यांचं वेड हे पुरुषी मस्तीचंच रूप नाही का? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्श गाडीच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले, एक मुलगा आणि एक मुलगी. गाडी १७ वर्षांचा मुलगा दारूच्या नशेत चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिही, ही त्यातली एक अट होती. लोक खवळले तेव्हा तो आदेश बदलला. ही बातमी वाचली त्या दिवशी मला माझ्या आवडीची लाज वाटली. नंतर लक्षात आलं की लाज माझ्या आवडीची वाटायचं कारण नाही. जबाबदारीची वाटणीच आपल्याकडे उलटी आहे. एकाच्या वाट्याला येते ती ३०० शब्दांची, आणि एकीला मात्र जोरात गाडी चालवायची नुसती इच्छा होती म्हणून जन्मभर शहाणपण शिकवलं जातं. मला त्या मुलाचा बेफामपणा नको आहे. जबाबदारी न टाकता माझं वेड माझ्याकडे ठेवायचा हक्क हवा आहे.

त्या बैठकीनंतर मी एक केलं. दर रविवारी पहाटे साडेपाचला घरातली तीच साधी गाडी काढते आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लागते. वेगाची मर्यादा पाळते. वळणाआधी गिअर मात्र अजून तसाच उतरवते, हाताला सवय आहे. पहिल्या रविवारी नवऱ्यानं झोपेतच विचारलं, "कुठे निघालीस? कुणाला आणायचंय?" मी म्हटलं, "कुणालाही नाही." त्याला उत्तर कळायला वेळ लागला. त्या सकाळी चहा त्यानं स्वतः केला आणि सासूबाईंनाही दिला, हे मी परत आल्यावर पाहिलं. रविवारचा चहा आता त्याच्याकडेच आहे.

कबड्डीवाल्या मैत्रिणीनं वस्तीतल्या चौघी जमवल्यात. अजून तिघी हव्यात म्हणजे संघ पुरा होईल. नवरे काय म्हणतात, मैदान कुठलं, साडी नेसून खेळायचं की पंजाबी ड्रेस घालून, यावर सध्या जोरात चर्चा चालू आहे.

तुमच्या गटातही हा प्रश्न विचारून बघा. अठराव्या वर्षी कशाचं वेड होतं, आणि ते आज ताडपत्रीखाली आहे की भंगारात? उत्तरं आम्हाला लिहून कळवा.