बॉक्सला हात शेवटी

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्या गाड्यांच्या फिटनेस चाचणीचे दर वाढवले. चढे दर पूर्वी पंधरा वर्षांनंतर लागत. आता दहाव्या वर्षापासूनच पायऱ्या सुरू होतात आणि वीस वर्षांवरच्या हलक्या मोटार वाहनाला १५,००० रुपये मोजावे लागतात. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी, म्हणजे पावतीही दरवर्षी. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारापासून पालेगावाशेजारच्या आनंदनगर एमआयडीसीपर्यंत आणि तिथून बदलापूरपर्यंत जुन्या पिकअपवर ज्यांचे पोट आहे, त्यांची या दरांवरची ओरड रास्तच आहे. पण ही पावती ज्या तपासणीसाठी फाटते, ती तपासणी कशी होते आणि तिच्यासाठी आपण गाडी कशी तयार करतो, यावर या व्यवसायात कोणी तोंड उघडत नाही. स्टिअरिंगपुरते बोलायचे तर दोन्ही बाजूंनी नुसती धूळफेक चालू आहे, आणि आपली बाजू जास्त दोषी आहे.

आधी सरकारी बाजू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ क्रमांकाचा नियम छोटा आहे, पण त्यात तीन गोष्टी आहेत. स्टिअरिंगच्या चाकावरचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. जोडकामातल्या प्रत्येक बॉल जॉइंटवर रबरी टोपी असावी. आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. यातली एकच गोष्ट केबिनमध्ये बसून कळते, उरलेल्या दोन खाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत. प्रत्यक्षात चाक हाताने हलवून पाहिले की काम झाले. ब्रेकसाठी २५० मीटरचा चाचणीपथ हवा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका वर्षानुवर्षे चालली आणि पथ नाही तिथले फिटनेसचे काम थांबवण्यापर्यंत आदेश गेले. स्टिअरिंगच्या नशिबी मात्र अंदाजाने हललेला एक हात. बरे, ३० अंश म्हणजे किती? ४० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर तब्बल साडेदहा सेंटीमीटर. ही अगदी शेवटची मर्यादा आहे, तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला नव्हे. तरीही साहेबाला आणि मेकॅनिकला एवढा एकच आकडा पाठ असल्यामुळे त्याच्या आत बसवणे हेच दुरुस्तीचे ध्येय होऊन बसले आहे.

आणि आत बसवण्याचा सोपा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. पासिंगच्या आदल्या संध्याकाळी बॉक्सची लॉकनट सैल करायची, स्क्रू पाव-अर्धा फेरा आवळायचा, नट पुन्हा घट्ट करायची. चाकावरचा प्ले अर्ध्यावर येतो, गिऱ्हाईक खूश, गाडी पास. पण आत काय झाले? पिकअप दिवसातला बहुतेक वेळ सरळ धावते, म्हणून सेक्टरचे दात मधल्या जागी सगळ्यात जास्त झिजतात आणि कडेचे जवळजवळ कोरे राहतात. मधली झीज स्क्रूने भरून काढली की वळणावर कडेचे कोरे दात एकमेकांत आवळतात. स्टिअरिंग जड होते, वळण घेतल्यावर चाक आपसूक सरळ येत नाही, ड्रायव्हरला ते ओढून आणावे लागते. त्यातून प्लेचे मूळ खाली टाय रॉड एंडमध्ये असेल, तर बॉक्स विनाकारण बिघडला आणि एंड तसाच सैल राहिला. पंधरा दिवसांनी गाडी परत येते तेव्हा आपण म्हणतो, बॉक्स गेला, नवा टाका. तो बॉक्स मुळात आपणच घालवलेला असतो.

नियमाने रबरी टोपीचा उल्लेख उगाच केलेला नाही. टोपी फाटली की ग्रीस बाहेर येते आणि पावसाळ्यातला चिखल आत जातो. त्यातली बारीक वाळू उरल्यासुरल्या ग्रीसमध्ये कालवली की व्हॉल्व्हला लावतो तशी ग्राइंडिंग पेस्ट तयार होते. बॉल आणि त्याची वाटी मग प्रत्येक वळणाला घासली जाते. म्हणजे फाटलेली टोपी आज प्ले दाखवत नसली, तरी उद्याचा प्ले तिथेच बसलेला असतो. तपासणारा खाली वाकला असता तर तो काही महिने आधीच सापडला असता.

तेव्हा क्रम उलटा करायला हवा: बाहेरून आत, चाकाकडून बॉक्सकडे. टायरची हवा आणि झीज पाहून झाली की गाडी जमिनीवरच उभी ठेवायची, जॅक लावायचा नाही, कारण वजन असताना दिसणारा ढिलेपणाच खरा. एकाने केबिनमध्ये चाक डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे हलवत राहायचे, दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवायची. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी थांबून मग हलते, चोर तिथेच. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, आयडलर आर्म असेल तर तो, कॉलमचा खालचा जॉइंट आणि बॉक्स चॅसिसला धरून ठेवणारे बोल्ट, सगळे याच पद्धतीने उघडे पडतात. बॉक्सचे बोल्ट सैल असतील किंवा तिथे चॅसिसला चीर असेल, तर अख्खा बॉक्सच हलताना दिसतो, आणि तो कितीही आवळला तरी उपयोग शून्य. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवायचे. हललेच तर हेल्परला ब्रेक दाबायला सांगायचे: प्ले गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा किंवा, पुढे बीम अ‍ॅक्सल नसेल तर, बॉल जॉइंटचा. पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट याच वेळी पाहून घ्यायचे, कारण गाडी एका बाजूला ओढते ती पुष्कळदा त्यांच्यामुळे. हे सगळे निर्दोष निघाले तरच बॉक्सच्या स्क्रूला पाना. अलाइनमेंट त्याच्याही नंतर. सैल एंडवर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात वाया जाते.

यावरचे आक्षेप ठरलेले आहेत. गिऱ्हाईक थांबत नाही, हा पहिला. वर सांगितलेल्या तपासाला दोन माणसे लागतात, यंत्र लागत नाही, आणि सरावाच्या हातांना एका चहाइतका वेळ पुरतो. बॉक्स उतरवून परत चढवण्यात जाणारा वेळ कोणी मोजत नाही, कारण त्याचे बिल लावता येते. दुसरा आक्षेप रस्त्यांचा: इथे कितीही नीट काम करा, खड्डे सगळे सांधे खाणारच. खरे आहे, पण खड्डे खातात ते सांधे, आणि आपण आवळतो तो बॉक्स. म्हणजे हा मुद्दा आमच्याच बाजूचा झाला. तिसरा आक्षेप सगळ्यांच्या मनात असतो, उघड कोणी बोलत नाही: आतापर्यंत पास होतच होती की. आता चाचणी स्वयंचलित केंद्रांकडे सरकते आहे. सांधे तपासण्याच्या यंत्रावर चाकांखालच्या पाट्या डावी-उजवीकडे सरकतात आणि खालून उजेड टाकून सांधा पाहिला जातो. तिथे बॉक्स आवळल्याचा काही उपयोग नाही, कारण ढकलणे चाकाकडून सुरू होते. २०२१ च्या नियमांप्रमाणे फेरचाचणीतही नापास झालेली गाडी आयुष्य संपलेली ठरू शकते. मालकाची रोजीरोटी पाव फेऱ्याच्या भरवशावर सोडणे आता परवडणारे नाही.

अधिकाऱ्यांकडे आमची एकच मागणी आहे. नापास करताना ‘स्टिअरिंग लूज’ एवढ्यावर भागवू नका, कोणता सांधा ते लिहा. एवढे पैसे भरणाऱ्याला तेवढे कळायलाच हवे. पण व्यवसायबंधूंनो, त्यांची वाट पाहत बसू नका. या महिन्यापासून प्रत्येक जॉबकार्डावर दोन आकडे लिहा: कामाआधी चाकाच्या कडेवर किती सेंटीमीटर प्ले होता आणि कामानंतर किती राहिला. त्याखाली बदललेल्या सांध्याचे नाव लिहा, नव्या एंडची पिन अडकवल्याची खूण करा, आणि काढलेला जुना एंड पुसून मालकाच्या हातात द्या. त्याने तो स्वतः हलवून पाहिला की बिलावरून घासाघीस करणार नाही, आणि पुढच्या वेळी बॉक्स आवळून द्या असेही म्हणणार नाही.