एक्याण्णवाचा धडा



गेल्या पावसाळ्यात मुलांस मूळ संख्या समजावून देत असता मी फळ्यावर ९१ हा आकडा लिहिला आणि "ही मूळ संख्या होय," असे निःशंकपणे सांगून मोकळा झालो. मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहून हळूच म्हणाली, "फादर, तेरा साती एक्याण्णव." मी ओशाळलो; परंतु त्या चुकीने मलाच धडा मिळाला.

माडाची २४ रोपे चार ओळींत सहा-सहा किंवा तीन ओळींत आठ-आठ अशी लावता येतात. २३ रोपांच्या मात्र सारख्या ओळी पाडता येत नाहीत, एकच लांब रांग धरावी लागते. ज्या संख्येस एक आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. एक हा आकडा मात्र मूळ संख्यांत धरीत नाहीत. इतर प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्याच गुणाकाराने घडते. ३६० चे ३६ व १० असे भाग करा, अथवा १८ व २० असे करा. शेवटी हाती येतात ते २, २, २, ३, ३ व ५ हेच मूळ अवयव.

पारख सोपी आहे. ९७ घ्या. त्यास २, ३, ५, ७ यांनी भाग जात नाही. पुढील मूळ संख्या ११, आणि अकरा अकरे १२१ म्हणजे ९७ हून अधिक. तेव्हा येथेच थांबावे; ९७ ही मूळ संख्याच. ९१ च्या वेळी मी सातापर्यंत जाण्याचा कंटाळा केला, एवढाच माझा दोष.

माझ्याहून फार मोठे लोकही चुकले आहेत. फ्रान्समधील मिनिम संघाचे धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ साली अशा काही प्रचंड मूळ संख्यांची यादी दिली. ६७ वेळा दोन मांडून गुणावे व एक वजा करावा, ही २१ अंकी संख्या तीत होती. १८७६ साली ल्युका या फ्रेंच गणितज्ञांनी ती मूळ नसल्याचे सिद्ध केले. परंतु अवयव कोणास ठाऊक नव्हते. १९०३ साली अमेरिकेत प्राध्यापक कोल यांनी ते दाखविले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. सांगतात की, भर सभेत त्यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार केला आणि ते जागेवर जाऊन बसले.

तरीही या जातीच्या संख्यांस आजही मेर्सेन यांचेच नाव आहे. २०२४ साली सापडलेली, तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या याच जातीची असून तीत ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत. चुकल्याने मेर्सेन यांचा मान गेला नाही. मात्र त्यांच्या मोठेपणाने चूक खरीही ठरली नाही. सांगणारा फादर असो वा प्राध्यापक, भाग घालून पाहावाच.

आज रात्री जेवणे उरकल्यावर मुलांस जवळ बसवून ११९ आणि १२७ हे दोन आकडे द्या. त्यांतील एकच मूळ आहे. कोणता, ते त्यांनाच शोधू द्या. आणि त्यांनी तुमची चूक दाखविली, तर रागावू नका.