विद्यार्थी कोणत्या राज्याचा?

जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून दारूगोळा तयार होतो. अशा निर्माणींच्या वसाहतींत देशभरातील कुटुंबे नांदतात. त्यांत मराठीही असतात. वडिलांची बदली वरणगाव किंवा भंडाऱ्याला होते, आणि बारावी झालेल्या मुलापुढे प्रश्न उभा राहतो: शासकीय महाविद्यालयाच्या लेखी मी कोणत्या राज्याचा?

प्रश्न जुना आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात केवळ परराज्यातील विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन शुल्क घेतले जाई. डी. पी. जोशी यांनी त्यास आव्हान दिले. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, घटनेने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, रहिवासावरून नव्हे. पुढे १९८४ च्या प्रदीप जैन प्रकरणातून वैद्यकीय प्रवेशाचा अखिल भारतीय कोटा आला. एमबीबीएससाठी तो आज १५ टक्के आहे. जानेवारी २०२५ मध्ये तर वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील रहिवासाधारित आरक्षण न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले.

माझ्या मते पदवीच्या स्तरावर राज्याचा दावा रास्त आहे. महाविद्यालय राज्याच्या करातून चालते. त्यावर तेथील मुलांचा पहिला हक्क असावा. मातृभाषा मात्र त्याचा निकष होऊ शकत नाही. सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांना महाराष्ट्र सवलत देतो, त्यामागे प्रादेशिक दावा आहे. खमरियातील मराठी कुटुंबाने तसा आधार मागू नये. मध्य प्रदेश हेच त्याचे राज्य.

अडचण आहे ती बदलीच्या उंबरठ्यावरील मुलाची. अभियांत्रिकी प्रवेशात महाराष्ट्राने बदलून आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी स्वतंत्र प्रवर्ग ठेवला आहे. त्यात केंद्राच्या उपक्रमांचाही उल्लेख आहे. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन खमरिया म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेली; कर्मचारी प्रतिनियुक्तीवर केंद्रीय कर्मचारीच राहिले, पण ते कंपनीचे झाले तरी पाल्य या प्रवर्गाबाहेर पडणार नाहीत. नियमाचा मसुदा कसा असावा, याचा हा धडा आहे.

हीच सोय सर्व राज्यांनी आणि सर्व अभ्यासक्रमांत द्यावी. शिक्षण झालेले राज्य किंवा पालकांच्या नेमणुकीचे राज्य, यांपैकी एक विद्यार्थ्याने शपथपत्रावर निवडावे. निवड एकदाच, दुहेरी दावा आढळल्यास प्रवेश रद्द. गुणवत्तेची कसोटी कितीही कठोर असू द्या. पण शासनाच्याच आदेशाने स्थलांतर केलेल्या घरातील मूल दोन राज्यांच्या दाखल्यांमध्ये अडकून कसोटीपर्यंत पोहोचूच नये, हे शासनाला शोभत नाही.